रस्त्यावरची स्पोर्ट्स कार पहिल्यांदा ट्रॅकवर नेताना

यवतेश्वरकर, सातारा

नमस्कार मंडळी,

मागील वर्षी मी पुण्यातील एका गृहस्थांकडून वापरलेली पोर्शे ७१८ केमन विकत घेतली. दोन लिटरचे चार सिलिंडरांचे टर्बो इंजिन, ३०० पीएस शक्ती, सात गिअरचा पीडीके हा स्वयंचलित गिअरबॉक्स आणि इंजिन चालकाच्या पाठीमागे, एवढी माहिती पुरेशी आहे. गाडीचे कौतुक करण्यासाठी हा धागा काढलेला नाही. पोवई नाक्यापासून शेंद्र्यापर्यंत जाताना तिची क्षमता नावालाच वापरली जाते, आणि सार्वजनिक रस्त्यावर त्याहून अधिक वापरावी असे मला वाटतही नाही.

जानेवारीत चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे एका क्लबचा ट्रॅक डे आहे. ज्या सर्किटला आपण अनेक वर्षे एमएमआरटी (मद्रास मोटर रेस ट्रॅक) म्हणत आलो आणि जे आता मद्रास इंटरनॅशनल सर्किट या नावाने ओळखले जाते, तेच हे ठिकाण. शर्यत नाही, वेळेची नोंद नाही, बक्षीस नाही. अनुभवानुसार गट पाडून प्रत्येक गटाला वीस-वीस मिनिटांची सत्रे दिली जातील आणि नवशिक्यांच्या शेजारी प्रशिक्षक बसेल, असे आयोजकांनी कळवले आहे.

गाडी पूर्णपणे मूळ स्थितीत आहे. तिच्यात काय बदलणे आवश्यक आहे आणि काय बदलणे हा निव्वळ हौसेचा भाग आहे, हे मला जाणत्या लोकांकडून समजून घ्यायचे आहे. विम्याचे काय होते, गाडी चालवत न्यावी की फ्लॅटबेडवर, म्हणजे गाड्या वाहून नेणाऱ्या सपाट ट्रकवर, चढवावी, आणि जाण्यापूर्वी मी स्वतः काय शिकून घ्यावे, या शंका आहेतच. आमच्या वडिलांनी मात्र एकच प्रश्न विचारला आहे: "तिथे काही मोडले तर घरी येणार कशाने?" या प्रश्नाला माझ्याकडे अद्याप समाधानकारक उत्तर नाही.

कुपवाडकर, सांगली

यवतेश्वरकर, अभिनंदन. गाडीची शक्ती वाढवण्याचा, एक्झॉस्ट बदलण्याचा किंवा रिमॅप (इंजिनच्या सॉफ्टवेअरमध्ये बदल) करून घेण्याचा विचार कुणी डोक्यात भरवला असेल, तर पहिल्या ट्रॅक डेपुरता तो बाजूला ठेवावा आणि सगळे लक्ष ब्रेककडे द्यावे. हे मी उपदेश म्हणून सांगत नाही. हिशेब करून दाखवतो.

चालक आणि पेट्रोल धरून आपली गाडी अंदाजे १४५० किलो भरेल. ताशी १८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५० मीटर. या वेगात गाडीची गतिज ऊर्जा सुमारे १८ लाख ज्यूल असते. पुढच्या वळणासाठी वेग ताशी ८० वर आणायचा असेल, तर त्यातील साडेचौदा लाख ज्यूल ऊर्जा गाडीतून काढून टाकावी लागते. हे चार सेकंदांत केले तर सरासरी ३६० किलोवॉटचा दर पडतो. आपले इंजिन सर्व ताकद लावून जेमतेम २२० किलोवॉट देते. थोडा वाटा हवेचा विरोध उचलतो, पण बाकी सगळी ऊर्जा चार डिस्कमध्ये उष्णता म्हणून शिरते. महामार्गावर असा ब्रेक क्वचित कधीतरी लागतो आणि नंतर डिस्क थंड व्हायला दहा-पंधरा मिनिटे मिळतात; ट्रॅकवर प्रत्येक फेरीत तो अनेकदा लागतो आणि मधे उसंत मिळत नाही. त्यातही ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ताशी ६० च्या तुलनेत १८० ला ती नऊपट असते. मूळ ब्रेक वाईट नसतात, ते या कामासाठी निवडलेले नसतात, एवढेच.

ही उष्णता पॅडमधून कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या, पिस्टनकडे आणि तिथून ब्रेक ऑइलकडे जाते. डॉट ४ प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. परंतु हे ऑइल हवेतील बाष्प शोषून घेते आणि त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी मिसळले की हीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. डॉट ५.१ साठी हे आकडे २६० आणि १८० आहेत. ऑइल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते आणि पेडल थेट तळाला जाते. म्हणून जाण्याच्या आठवडाभर आधी जुने ऑइल पूर्ण काढून नवे भरून घ्यावे आणि चारही चाकांजवळ ब्रेकच्या नळीत अडकलेली हवा काढून घ्यावी. ट्रॅकसाठी बनवलेली काही डॉट ४ ऑइल कोरडी असताना ३०० अंशांच्या वर टिकतात. ती वापरण्यास हरकत नाही, मात्र ती वारंवार बदलावी लागतात. नाव सारखे वाटते म्हणून डॉट ५ कधीही भरू नये. ते सिलिकॉनचे असते आणि आपल्या प्रणालीला चालत नाही.

पॅडचा प्रश्न निराळा आहे. पॅड अतितापले की पेडल घट्ट लागते, पाय पूर्ण जोराने दाबलेला असतो, पण गाडी हवी तशी थांबत नाही. ऑइल उकळणे आणि पॅड थकणे यांतील हा फरक पायाला ओळखता आला पाहिजे, कारण पहिल्या प्रकारात पेडल पटापट दोन-तीनदा दाबल्यास काहीसा दाब परत मिळतो, तर दुसऱ्या प्रकारात वेग उतरवून डिस्क थंड होऊ देण्याला पर्याय नसतो. पॅड निम्म्याहून अधिक झिजलेले असतील तर नवे बसवावेत. पातळ पॅडमधून उष्णता पिस्टनपर्यंत लवकर पोहोचते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

पेठनाका, इस्लामपूर

सर्वांची माफी मागून वेगळे मत मांडतो. एक हजार किलोमीटर जायचे, मुक्काम करायचा, नोंदणीचे पैसे भरायचे, टायर आणि पॅड झिजवायचे आणि एवढे करून मिळणार काय, तर सगळी सत्रे मिळून तास-दीड तासाचे वाहनचालन. पहाटे पाच वाजता पसरणी घाट रिकामाच असतो. वाईहून पाचगणीला जाऊन चहा घ्यावा आणि परत यावे. ड्रायव्हिंगची हौस तिथे भागत नाही का?

माहुलीकर, सातारा

पेठनाका, पसरणी घाट पहाटे पाच वाजता रिकामा दिसतो, पण तो रिकामा नसतो. दुधाचा टेम्पो, फिरायला निघालेली वयस्कर माणसे, ऊस उतरवून परतणारा आणि मागचा दिवा बंद असलेला ट्रॅक्टर, कठड्यावरची माकडे आणि रात्री पडलेला दगड यांपैकी काहीतरी कुठल्या ना कुठल्या वळणामागे असतेच. घाटात चूक दुरुस्त करायला जागा नाही. एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला दरी. ट्रॅकवर गाडी रस्ता सोडून गेली तर मोकळे मैदान असते, सगळ्या गाड्या एकाच दिशेने धावत असतात आणि रुग्णवाहिका इंजिन चालू करण्याच्या तयारीत उभी असते. खंबाटकीच्या उतारावर ब्रेक गेलेल्या ट्रकांची काय गत होते, ते या महामार्गावर राहणाऱ्यांना सांगायला नको.

शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ प्रमाणे राज्य शासनाच्या लेखी संमतीविना सार्वजनिक ठिकाणी शर्यत किंवा वेगाची चाचणी करणे हा गुन्हा आहे. रस्ता रिकामा होता, हा त्यावर बचाव होत नाही.

कलमदान, सांगली

कायद्याचा विषय निघालाच आहे, तर विम्याबद्दल लिहितो. मोटार अपघाताचे दावे हा माझ्या वकिलीतील रोजचा विषय आहे.

आपल्या पॉलिसीच्या कागदांत वापराच्या मर्यादा सांगणारा परिच्छेद असतो आणि बहुतेक जण तो कधीही वाचत नाहीत. खासगी गाडीच्या प्रचलित पॉलिसीत आयोजित शर्यत, पेस मेकिंग, वेगाची चाचणी आणि रिलायबिलिटी ट्रायल हे वापर संरक्षणातून स्पष्टपणे वगळलेले असतात. ट्रॅक डे ही शर्यत नाही, असा युक्तिवाद करता येईल. पण वेगाची चाचणी हे शब्द तिथे आहेतच, आणि विमा कंपनीचा सर्व्हेअर तुमच्या बाजूने अर्थ लावील या भरवशावर एवढी महाग गाडी ट्रॅकवर उतरवू नये. झिरो डेप्रिसिएशन, इंजिन प्रोटेक्ट वगैरे जादा कवच घेतले म्हणून ही मर्यादा दूर होत नाही, कारण मूळ पॉलिसीच जिथे लागू नाही तिथे पुरवणीही लागू होत नाही.

तृतीय पक्षाच्या सक्तीच्या विम्याची तरतूद कलम १४६ मध्ये आहे आणि ती सार्वजनिक ठिकाणच्या वापराशी जोडलेली आहे. बंदिस्त खासगी सर्किटवर तिचा आधार मिळेल असे गृहीत धरू नये. आयोजक तुमच्याकडून हमीपत्रावर सही घेतील; त्यात बहुधा स्वतःची, गाडीची आणि सर्किटच्या मालमत्तेची भरपाई तुमच्याच माथी असते. रेलिंगचे नुकसान कोण भरणार, हे सही करण्यापूर्वी विचारून घ्यावे.

थोडक्यात, गेटच्या आत गेल्यावर गाडीचा विमा तुम्ही स्वतः आहात. तेवढ्या नुकसानीचा विचार सहन होत नसेल तर वेग त्या बेताने ठेवावा. साताऱ्यापासून सर्किटच्या गेटपर्यंत आणि परतीच्या रस्त्यावर पॉलिसी नेहमीप्रमाणे लागू असते, त्याची काळजी नको. वैयक्तिक अपघात विमा आणि आरोग्य विमा या दोहोंतही साहसी खेळांचे अपवाद असतात, तेही तपासावेत.

विश्रामबाग, सांगली

ब्रेकबद्दल कुपवाडकरांनी लिहिले आहे, त्यामुळे मी टायरांपुरते लिहितो. टायरचेच दुकान आहे.

आपल्या गाडीला मूळ चाकांवर पुढे २३५/४५ आणि मागे २६५/४५ अशी १८ इंची मापे येतात. पुढचे-मागचे टायर वेगवेगळे असल्याने अदलाबदल करता येत नाही. वापरलेल्या गाडीवर नक्षी भरपूर दिसते म्हणून टायर चांगले, असे समजू नये. कडेवर डॉट या अक्षरांपुढे शेवटी चार आकडे असतात; २३१९ असतील तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. सहा-सात वर्षे उभ्या गाडीखाली राहिलेले रबर कडक झालेले असते आणि ट्रॅकवर ते पकडही देत नाही आणि सुरक्षितही राहत नाही. पाठीमागच्या बाजूला, म्हणजे गाडी लिफ्टवर घेतल्याशिवाय दिसत नाही त्या बाजूला, भेगा किंवा फुगवटा आहे का ते पाहून घ्यावे. आपल्याकडच्या खड्ड्यांत कमी उंचीच्या टायरांची आतली कड पहिल्यांदा मार खाते.

हवेचा दाब हा तर अर्धा विषय आहे. जोरात चालवताना टायर तापतो आणि थंड असतानाच्या दाबात सहा ते आठ पीएसआयची वाढ सहज होते. त्यामुळे सकाळी कंपनीच्या तक्त्याप्रमाणे हवा भरली आणि दिवसभर पाहिलीच नाही, तर दुपारी टायर फुगून मधल्या पट्ट्यावर चालू लागतो आणि पकड कमी होते. सत्र संपवून आत आल्याबरोबर, टायर गरम असतानाच, दाब मोजावा आणि वाढलेली हवा थोडी सोडावी. फार कमी दाबाने सुरुवातही करू नये, कारण साध्या टायरची कड वळणात दुमडते. कडेवर खडूने आडव्या रेघा ओढाव्यात. रेघ कुठपर्यंत पुसली गेली यावरून टायर किती दुमडतो ते कळते. चांगला दाबमापक स्वतःचा असावा. दोन पंपांवरचे आकडे जुळत नाहीत, हे आपण सगळे जाणतो. आणि घरी निघण्यापूर्वी थंड टायरमध्ये हवा पुन्हा रस्त्याच्या दाबाला आणावी.

आपल्या गाडीत स्टेपनी नसते, फक्त सीलंट आणि छोटा कॉम्प्रेसर असतो. सीलंट खिळ्याच्या छिद्राला चालते. फाटलेल्या कडेला त्याचा काही उपयोग होत नाही.

कृष्णाकाठची, वाई

मी हा धागा वेगळ्या कारणासाठी वाचते आहे. माझ्याकडे ह्युंदाई आय-२० एन लाइन आहे, एक लिटर टर्बो, १२० पीएस. अशी गाडी घेऊन नवशिक्यांच्या गटात गेले तर इतरांच्या वाटेत आल्यासारखे होईल का? आणि महिला चालक येतात का, हेही विचारून ठेवते.

हिरवा बावटा, कराड

कृष्णाकाठची, अवश्य जावे. महिला येतात आणि नवशिक्यांच्या गटात त्या प्रशिक्षकाचे म्हणणे अधिक लक्षपूर्वक ऐकतात, असे माझे निरीक्षण आहे. कमी शक्तीच्या हलक्या गाडीत ब्रेक आणि टायर कमी तापतात, सरळ भागात वेग मर्यादित राहतो आणि वळण नीट घेतल्याखेरीज वेग मिळतच नाही, त्यामुळे चालक लवकर शिकतो. तीनशे पीएसवाल्याची वळणातली चूक पुढच्या सरळ भागात झाकली जाते.

आता यवतेश्वरकरांसाठी. इरुंगट्टुकोट्टईचे सर्किट ३.७ किलोमीटरचे असून त्यात १२ वळणे आहेत. मुख्य सरळ भाग संपल्यावर येणारे सी-१ हे उजवे वळण अतिशय वेगवान आहे आणि अनुभवी मंडळी तिथे फारच कमी वेग उतरवतात. त्यांचे पाहून आपण तसे करू नये. पहिल्या सत्रात सर्किट पाठ करणे एवढेच काम समजावे. ब्रेक लवकर लावावा, सरळ रेषेत लावावा, गाडी वळवण्यापूर्वी सोडत आणावा आणि वळणाचा आतला बिंदू किंचित उशिरा गाठावा. नजर बोनेटच्या पुढच्या दहा मीटरवर खिळून राहते, ही प्रत्येक नव्या माणसाची सवय असते. नजर पुढच्या वळणावर असली की हात आपोआप शांत होतात.

आपल्या गाडीचे इंजिन मध्यभागी आहे, हे वळणात कायम ध्यानात ठेवावे. भर वळणात घाबरून एकदम ॲक्सिलरेटर सोडला की वजन पुढच्या चाकांवर जाते, मागची चाके हलकी होतात आणि गाडीचा मागचा भाग बाहेर सरकतो. पीएसएम ही स्थिरता प्रणाली दिवसभर चालू ठेवावी. ती बंद करून काय सिद्ध होते, ते मला आजवर कळलेले नाही. वळणात वेग जास्त वाटला तर ॲक्सिलरेटर हळूहळू कमी करावा आणि स्टिअरिंग झटक्याने फिरवू नये.

बावट्यांचे अर्थ आदल्या रात्री पाठ करावेत. पिवळा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक करू नये. तांबडा म्हणजे सत्र थांबवले आहे. मागच्याचे भान ठेवून वेग कमी करावा आणि पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या थांब्यावर, यावे, जागच्या जागी करकचून ब्रेक मारू नये. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येते आहे. पिवळ्या-तांबड्या पट्ट्यांचा म्हणजे रस्त्यावर ऑइल किंवा पाणी आहे. काळ्यावर नारिंगी गोल दिसला तर आपल्या गाडीत बिघाड दिसतो आहे, आत यावे. नुसता काळा दिसला तर आपले वागणे चुकले आहे, तेव्हाही आतच यावे. ओव्हरटेक ठरवून दिलेल्या सरळ भागातच आणि पुढच्या चालकाने हाताने किंवा इंडिकेटरने बाजू दाखवल्यावरच करायचे असते. मागे कुणी आले तर वाट देण्यात कमीपणा नाही. आपल्याकडे महामार्गावर लागलेली सवय इथे गेटबाहेर सोडावी लागते.

प्रत्येक सत्राची शेवटची फेरी ब्रेकचा कमीत कमी वापर करून, सावकाश घ्यावी. पिटमध्ये उभे राहिल्यावर हँडब्रेक लावू नये आणि पेडलवर पाय दाबून ठेवू नये. तापलेले पॅड डिस्कला एकाच जागी चिकटून राहतात आणि नंतर पेडलमध्ये थरथर जाणवते. गाडी पार्कमध्ये ठेवून चाकामागे लाकडी ओंडका लावावा.

गाडीतले सगळे सुटे सामान काढावे: पायाखालची मॅट, पाण्याची बाटली, जॅक, पुढच्या आणि मागच्या डिकीतले सर्व काही. डॅशबोर्डवर दुहेरी टेपने चिकटवलेला गणपती असेल तर त्याला आदराने पिटमधल्या पिशवीत बसवावे. ब्रेक लागला की तो काचेकडे निघतो. टोचनाचा हुक आधीच बसवून ठेवावा. व्हील बोल्ट कंपनीने सांगितलेल्या टॉर्कला, टॉर्क रेंचनेच, सकाळी आवळावेत आणि पहिल्या सत्रानंतर चाके थंड झाल्यावर पुन्हा तपासावेत.

हेल्मेट मोटारसायकलचे चालेल का, ते आयोजकांना विचारावे. मोटार शर्यतीच्या एसए प्रतीच्या हेल्मेटचे अस्तर आगीला टिकणारे असते आणि गाडीतल्या लोखंडी पिंजऱ्यावर आपटण्याची वेगळी चाचणी त्यावर झालेली असते. दुचाकीच्या हेल्मेटवर ती होत नाही. कपडे सुती आणि पूर्ण बाह्यांचे असावेत, बूट पातळ तळव्याचे असावेत. जानेवारी चांगला महिना निवडला आहे, कारण तिथला मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो. तरीही दमटपणा आपल्याला सोसत नाही. पाणी आणि मीठ-साखर सतत घेत राहावे. माणूस दमला की ब्रेक लावायची जागा चुकते.

आणखी एक सूचना. जाण्यापूर्वी कोल्हापूरला मोहित्यांच्या कार्टिंग ट्रॅकवर एक-दोन दुपारी घालवाव्यात. वळणाची रेघ, नजर आणि ब्रेक सोडण्याची गती हे सगळे कार्ट कमी खर्चात शिकवते, आणि कार्टमध्ये कोणतीही इलेक्ट्रॉनिक मदत नसल्याने आपले हात किती उतावळे आहेत ते लगेच कळते.

यवतेश्वरकर, सातारा

सर्वांचे मनापासून आभार. कागदाची घडी करून खिशात ठेवावी असे हे प्रतिसाद आहेत. एक शंका राहते: कोइंबतूरचे कारी मोटर स्पीडवे लहान आहे, सुमारे २.१ किलोमीटरचे. पहिल्यांदा तिथे जावे का? आणि गाडी चालवत नेण्याबद्दल कुणी काही बोललेच नाही.

हिरवा बावटा, कराड

कारी चांगले आहे आणि तिथे वेग कमी असल्याने नवख्याला धीर राहतो. फॉर्म्युला मारुती या शर्यतीच्या गाड्या बनवणाऱ्या एस. करिवर्धन यांच्या नावावरून ते ओळखले जाते. पण सर्किटपेक्षा प्रशिक्षक असलेला दिवस निवडणे महत्त्वाचे. तुम्हाला चेन्नईला प्रशिक्षक मिळतो आहे, तेव्हा तिथेच जावे.

गाडी नेण्याबद्दल: राष्ट्रीय महामार्ग ४८ साताऱ्यातून निघतो तो कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, चित्रदुर्ग, बंगळूर, कृष्णगिरी, वेल्लोर करत थेट सर्किटच्या दारावरून चेन्नईत जातो. रस्ता बदलावा लागत नाही. शेंद्रे ते कागल टप्प्यात सहापदरीकरणाच्या कामांची वळणे आहेत, तिथे कमी उंचीची गाडी दिवसाउजेडीच काढावी. चालवत जायचे असेल तर दोन दिवस धरावेत आणि ट्रॅक डेच्या आदल्या दुपारपर्यंत पोहोचावे. मात्र नवे पॅड, एक लिटर ब्रेक ऑइल, एक लिटर इंजिन ऑइल आणि दुसऱ्या दिवशी गाडी चालली नाही तर ती उचलून आणणाऱ्या फ्लॅटबेडवाल्याचा क्रमांक सोबत असावा. वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर तो क्रमांक आहे.

यवतेश्वरकर, सातारा

जाऊन आलो. वृत्तांत लिहिण्याचे वचन दिले नव्हते, तरी एवढ्या मंडळींनी वेळ दिला म्हणून लिहितो.

चित्रदुर्गाला मुक्काम करून गाडी चालवतच नेली. सकाळी तपासणीत त्यांनी टायर, पॅड, बॅटरीची पट्टी, ऑइल गळती आणि सीट बेल्ट पाहिले. माझ्या पुढे उभ्या असलेल्या एका अतिशय महागड्या गाडीला मागच्या टायरच्या आतल्या कडेवरील तारा दिसत असल्याने परत पाठवले. विश्रामबाग यांचे लिफ्टचे वाक्य तिथे आठवले.

प्रशिक्षक तमिळ होते, साठीच्या आसपासचे, आणि बोलणे अगदी मोजके. पहिल्या सत्रात त्यांनी मला स्पोर्ट मोड लावू दिला नाही. गिअर गाडीला निवडू दे, तू फक्त रस्ता निवड, असे त्यांचे म्हणणे होते. सी-१ च्या आधी मी जिथे ब्रेक लावत होतो त्याच्या बरेच पुढे ब्रेक लावता आला असता, हे मला दुपारपर्यंत जाणवू लागले होते, पण त्यांनी ब्रेकची जागा हलवू दिली नाही. त्याऐवजी पेडल सोडण्याची गती कमी करायला लावली. पाय झटकन उचलला की गाडीचे नाक वर येते आणि पुढच्या टायरांची पकड नेमकी वळायच्या क्षणी जाते. हळूहळू सोडला की नाक खालीच राहते आणि गाडी सहज आत येते. हा फरक मी याआधी वाचलेला होता, पण स्टिअरिंगमधून हाताला कळला तो त्या दुपारी. पुढची सत्रे मी जवळपास त्याच एका गोष्टीवर घालवली आणि माझ्या मते पैसे तिथेच वसूल झाले.

नव्या ऑइलमुळे पेडल शेवटपर्यंत घट्ट राहिले. नवशिक्यांच्या गटातल्या दुसऱ्या एका सेडानचे पेडल तिसऱ्या सत्रात मऊ पडले आणि त्या गृहस्थांनी शहाणपणाने गाडी आत घेऊन उरलेला दिवस प्रेक्षक म्हणून काढला. पुढच्या टायरांच्या बाहेरच्या कडा मात्र चांगल्याच खरवडल्या गेल्या. पेट्रोल घाटातल्यापेक्षा कितीतरी जास्त जाते; पाव टाकीच्या खाली जाऊ देऊ नये, लांब वळणात पेट्रोल एका बाजूला सरकते, असे तिथल्या मेकॅनिकने सांगितले, त्यामुळे जेवणाच्या सुटीत बाहेर जाऊन भरून आलो.

पेठनाका, इस्लामपूर

वृत्तांत आवडला. मत बदललेले नाही, पण एक विचारतो: नोंदणी सोडून खरा खर्च कशावर झाला?

यवतेश्वरकर, सातारा

पेठनाका, सर्वांत मोठा वाटा पुढच्या दोन टायरांचा आहे, जे ठरल्यापेक्षा लवकर बदलावे लागतील. त्यानंतर पॅड आणि ऑइल, मग जाण्यायेण्याचे पेट्रोल आणि मुक्काम. याखेरीज गाडीवर नवीन असे काहीही बसवले नव्हते. तुमचा आक्षेप खर्चाबद्दल असेल तर तो रास्त आहे. पसरणीची तुलना मात्र आता मला पटणार नाही.

कुपवाडकर, पॅड अजून निम्म्याच्या जवळ दिसतात. डिस्कवर निळसर झाक आली आहे आणि पृष्ठभागावर केसासारख्या बारीक रेषा दिसतात. काळजी करावी का?

कुपवाडकर, सांगली

निळसर झाक तापल्याची खूण आहे, तिची चिंता नको. बारीक रेषाही पृष्ठभागापुरत्या असतील तर चालतात. नखाला अडकणारी, छिद्रांना जोडणारी किंवा बाहेरच्या कडेपर्यंत पोहोचलेली भेग दिसली तर मात्र डिस्क त्याच दिवशी बदलावी. डिस्कवर तिची किमान जाडी कोरलेली असते. पुढच्या खेपेपूर्वी मायक्रोमीटरने चार ठिकाणी जाडी मोजावी, साध्या व्हर्निअरने कडेची उभारलेली धारच मोजली जाते. साताऱ्यात कुणी मोजून देत नसेल तर कुपवाडला यावे, आमच्या शॉपमध्ये दहा मिनिटांचे काम आहे. ब्रेक ऑइल मात्र मोजण्याची वाट न पाहता या महिन्यातच बदलावे, आणि जुने काढताना त्याचा रंग पाहून इथे कळवावे.

कृष्णाकाठची, वाई

माझी कोल्हापूरची कार्टिंगची दुपार या रविवारी ठरली आहे. कुपवाडकर, आय-२० च्या ब्रेक ऑइलबद्दल त्यानंतर तुम्हाला व्यक्तिगत निरोप पाठवीन.